नुसते ओठ

मधल्या मुलीचे ओठ ‘म’ला मिटले नाहीत. झालं ते एवढंच. तिने चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं, पुन्हा सोडलं. मुलीचं तोंड उघडलं, जरासं रुंदावलं, पुन्हा उघडलं. पण जिथे मिटायला हवं होतं तिथे मिटलं नाही. टेबलावरचा चहा निवत होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हेडफोन गळ्यात अडकवून मोबाइलवर काहीतरी बघत स्वतःशीच हसत होता. बाहेरच्या खोलीत कोणीतरी खुर्ची ओढली. सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं, आणि तिला मात्र पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी तसं झालं.

ओठ बघणं हाच तिचा धंदा होता. परदेशी मालिका यायच्या, त्यांतल्या माणसांच्या तोंडी आपल्या भाषेतली वाक्यं बसवायची, आणि ती अशी बसवायची की घरी बसून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं जन्मल्यापासून असंच बोलतात. या कामात पुष्कळ काही खपून जातं. ‘आ’ खपतो, ‘ओ’ खपतो, घाईत बोललेलं अर्धं वाक्यही खपतं. पण प, ब, म आले की ओठांना मिटावंच लागतं, तिथे कोणाची सुटका नाही. डबिंगला नव्याने येणाऱ्या पोरांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: आधी आवाज बंद करून बघा. मुकं बघा. कान लबाड असतात, जे हवं तेच ऐकतात; डोळ्यांना ती सोय नाही. ही फीतसुद्धा तिने सवयीने आधी मुकीच लावली होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. आवाजाच्या साफसफाईचं काम, तासाभरात उरकायचं, आणि मग संध्याकाळच्या मालिकेतल्या सासूला रडवायला बसायचं, एवढाच बेत होता.

फीत आली होती शाळेच्या ग्रुपवर. हा ग्रुप मॉनिटर चालवायचा. शाळेत असताना तो वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. आता ग्रुपवर न बोलणाऱ्यांच्या मागे लागायचा. ती त्या न बोलणाऱ्यांत कायम वरच्या नंबरावर. रोज सकाळी फुलं यायची, सूर्योदय यायचे, गुडघ्यांवरचे उपाय यायचे, आणि ती सगळं बघून गुपचूप फोन पालथा ठेवायची. पण मागच्या आठवड्यात ‘रेडिओ’ या वर्गमैत्रिणीच्या मुलीने आईच्या फोनवरून ही फीत टाकली. कोणाच्या तरी माळ्यावर जुन्या टेपा सापडल्या, त्यांत टीव्हीवरच्या त्या मुलांच्या कार्यक्रमाची एक निघाली. त्यांच्या पाचवीच्या वर्गाचं समूहगान. खाली मुलीने लिहिलं होतं, ‘आईचा लहानपणीचा एवढाच आवाज शिल्लक आहे. नंतरचे सगळे व्हिडिओ आता आई घरात लावू देत नाही, ऐकवत नाहीत म्हणते. हा एकच लावू देते. रोज ऐकते.’ त्यावर ग्रुपवर डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांचा नुसता पूर आला. मग मॉनिटरने तिला वेगळा निरोप पाठवला. तू त्याच लाइनमधली, आवाज तेवढा साफ करून दे, रेडिओच्या वाढदिवसाला मोठ्या पडद्यावर लावायचंय, आणि हो, नाही म्हणू नकोस.

रेडिओ म्हणजे वर्गातली गाणारी मुलगी. सकाळी प्रार्थनेला सुरू व्हायची ती घंटा होईपर्यंत थांबायची नाही, म्हणून रेडिओ. पुढे ती गाण्याची शिक्षिका झाली, मग इंटरनेटवर शिकवायला लागली, आणि बघता बघता कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिच्यासमोर आपापल्या स्वयंपाकघरात बसून सा लावायला लागली. तिचे झाडून सगळे व्हिडिओ बुटकीने बघितले होते. बुटकी हे हिचं शाळेतलं नाव. घरात, कामावर ते कोणाला ठाऊक नव्हतं. व्हिडिओ बघायची, पण आवडल्याचं बोट कधी उमटवलं नाही. आपण आलो होतो हे रेडिओला कळू नये असं तिला का वाटायचं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आणि मग वर्षापूर्वी रेडिओच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. ते ग्रुपवर वाचलं त्या दिवशी तिने बसून एक जुना धडा बघितला, शेवटपर्यंत, आणि तरीही बोट उमटवलं नाही.

तिने चित्र पुन्हा सुरुवातीला नेलं. मुलांच्या तीन रांगा. सगळं करड्या रंगात, मधूनच एक पांढरा पट्टा खालून वर जातो आणि मुलांचे चेहरे पाण्यात हलल्यासारखे हलतात. मधोमध रेडिओ, दोन वेण्या, डोक्यावर लोंबणारा माइक. ती मुलगी बघून तिला एकदम त्या स्टुडिओतली ऊब आठवली. दिव्यांची. तापलेल्या धुळीचा वास, जमिनीवर पसरलेल्या जाड केबली, ‘कॅमेऱ्याकडे बघायचं नाही’ असं बजावत फिरणारा एक उंच माणूस, आणि त्याने बजावल्यामुळे सगळ्यांचे डोळे वळून वळून कॅमेऱ्याकडेच जात होते. पायांतले मोजे नवे होते आणि सारखे घसरत होते. हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. आणि त्याहूनही लख्ख आठवत होतं ते खांद्यावर पडलेलं बोट.

गाण्याच्या बाईंची एक पद्धत होती. समूहगान सुरू झालं की त्या रांगेच्या मागून हळूहळू चालायच्या, प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून कान न्यायच्या, आणि ज्याचा सूर बिघडतोय असं वाटेल त्याच्या खांद्यावर एका बोटाने टकटक करून म्हणायच्या, “नुसते ओठ.” म्हणजे गायचं नाही, तोंड हलवायचं. त्यात त्यांचा राग नसायचा. जास्त मीठ पडलं तर पाणी घालावं इतक्या सहज त्या ते करायच्या. बुटकीच्या खांद्यावर ते बोट पहिल्याच दिवशी पडलं. घरी येऊन तिने आरशासमोर नुसते ओठ हलवायचा सराव केला आणि तिला तो छान जमला. मुलांना ज्याचा त्रास होईल असं मोठ्यांना वाटतं त्याचा होत नाही. तिला त्या वेळी काही वाटलं नव्हतं. वाटायला पुढे अख्खा जन्म पडला होता. कोणाच्याही वाढदिवसाला सगळे गायला लागले की ती नुसते ओठ हलवायची. लग्नानंतर कित्येक वर्षांनी नवऱ्याच्या ते लक्षात आलं तेव्हा तो पोट धरून हसला, मग तीही हसली, आणि तेव्हापासून पाहुण्यांना सांगायचा तो एक हुकमी किस्सा झाला. मी टीव्हीवर गायलेय, आवाज सोडून. मुलगी तान्ही असताना तिला झोपवायला अंगाई म्हणायची सोय नव्हती, म्हणून ती पाढे म्हणायची. मुलगी सतराच्या पाढ्याला हमखास झोपायची. आता ती मुलगी दूरच्या शहरात हिशेबनीस झालीय, आणि घरातले सगळे म्हणतात, बघा, मुळातच पेरलेलं होतं.

“ताई, लावू का आवाज?” काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं.

“थांब जरा,” ती म्हणाली.

मधल्या मुलीकडे ती बघतच राहिली. रेडिओ गात नव्हती. कोणाही बघणाऱ्याला ती गातेय असंच वाटलं असतं. मान डुलत होती, तोंड हलत होतं, पण शब्दाच्या मागून, अर्ध्या मात्रेने उशिरा, चुकलेल्या जागी. आयत्या वेळी बोलावलेला नवखा नट असं करतो, समोरच्याचं बघून. आणि रेडिओचे डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, बाईंकडेही नव्हते. ते डाव्या बाजूला, खाली, रांगेच्या टोकाकडे लागले होते. ती बघत होती कोणाकडे? बुटकीने चित्र डावीकडे सरकवलं. टोकाला चौकटीच्या कडेने अर्धी कापलेली एक लहानशी मुलगी उभी होती. एक मोजा वर, एक खाली. तिच्या खांद्याजवळच उभ्या दांड्याचा दुसरा माइक. आणि त्या मुलीचे ओठ ‘म’ला मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते, आणि गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. नुसते ओठ हलवणाऱ्याची शीर ताणली जात नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार.

“आता लाव,” ती म्हणाली.

गाणं बाईंनीच रचलेलं होतं, आणि तिला अजून तोंडपाठ होतं. मऊ मऊ उन्हा, माझ्या मागे ये, मनगटाला धरून मला घरी ने. खरखरीतून आवाज आला. मागे मुलांचा एक पुसटसा घोळका होता, आणि त्याच्या पुढे एकच आवाज, स्पष्ट, किंचित घोगरा, वरच्या जागी थोडासा थरथरणारा, पण न थांबणारा. पडद्याच्या कडेला ते छोटं तोंड त्या आवाजाशी असं जुळलेलं होतं की इतक्या वर्षांत तिने स्वतः बसवलेलं एकही वाक्य इतकं चपखल बसलं नव्हतं. तिला भीती वाटली, आणि ही भीती आहे हे कळायच्या आत तिचं आश्चर्य झालं, असं आश्चर्य की हात टेबलावर टेकवून तिला श्वास घ्यावा लागला.

“एकच पोरगी माइकच्या जवळ आहे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “कडेच्या माइकवर. बाकीचे लांब आहेत, घुमतायत बघा. ह्याच बाई का त्या, ज्यांचा आवाज गेला?”

“पुन्हा लाव,” ती म्हणाली.

तो पुन्हा पुन्हा लावत राहिला आणि ती ऐकत राहिली. स्वतःच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट माणसाला ठाऊकच नसावी, हे कसं काय होतं? बोट आठवतं, मोजे आठवतात, आणि मध्ये जे घडलं ते मात्र नाही. आठवणीने बाईंची आज्ञा जपून ठेवली आणि आपण ती मोडली हे टाकून दिलं. आणि मग तिला आई आठवली. त्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून ते सगळे शेजाऱ्यांकडे गेले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं एकमेकांच्या मांडीवर. त्यांची शाळा आल्याबरोबर ‘ती बघ, ती बघ’ असा जो गलका झाला त्यात गाणं कोणालाच धड ऐकू आलं नाही, आणि तिने तर लाजून आईच्या कुशीत तोंड खुपसलं होतं. परतताना जिन्यात आई म्हणाली, “मला तुझा आवाज ओळखू आला.” ती चिडली. मी गायलेच नाही, बाईंनी सांगितलं होतं, तू उगाच खोटं बोलतेस. पुढे शेवटच्या आजारपणातही एकदा आईने तो विषय काढला होता, आणि तिने उशी नीट करत करत ‘हो, हो’ म्हटलं होतं, लहान मुलाला म्हणतात तसं. आईने ते गलक्यातून ऐकलं होतं. अख्ख्या खोलीत एकटीने. पडद्यावर गाणं संपलं, पांढरा पट्टा वर गेला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही. रेकॉर्डिस्ट उठून, काही न विचारता, नवा चहा सांगायला गेला.

पुढचे दोन-तीन दिवस ती चालत होती, जेवत होती, मालिकेतल्या सासूला रडवत होती, पण मन त्या चौकटीच्या कडेला जाऊन उभं राहायचं. लिफ्टच्या आरशात ती स्वतःच्या गळ्याकडे बघायची. हा गळा. ह्यातून ते निघालं होतं. मॉनिटरचे निरोप येत होते, ‘झालं का? सगळे वाट बघतायत.’ ती लिहायला घ्यायची: हा आवाज रेडिओचा नाही. मग पुसायची. कारण लगेच रेडिओच्या मुलीचं ते वाक्य डोळ्यांसमोर यायचं. एवढाच आवाज शिल्लक आहे. आईचा गेलेला आवाज एका मुलीने कुठूनतरी शोधून आणलाय आणि आपण जाऊन सांगायचं, तो माझा आहे, परत द्या? आणि नाही सांगितलं, तर? तर पडद्यावर गाणं वाजेल, सगळे डोळे पुसतील, आणि ती मागच्या खुर्चीत बसून स्वतःच्याच गाण्याला नुसते ओठ हलवेल. इतकी वर्षं जे नाही म्हणून ती हसत सांगत आली, ते होतं. आणि ते हातात आल्या आल्या देऊन टाकायचं होतं. तिला राग येत नव्हता, याचंही तिला नवल वाटत होतं. रेडिओचे ते डोळे तिला सारखे दिसायचे, डावीकडे, खाली, टोकाला धरून ठेवलेले. त्या दिवसापर्यंत दोघी एका बाकावर बसायच्या, एकीचा डबा दोघी खायच्या. त्या दिवसानंतर रेडिओ पुढच्या बाकावर गेली. बुटकीने समजूत करून घेतली होती की टीव्हीवर आलेल्या मुलीला आपण आता कशाला आवडू. ती समजूतही आता तपासून बघावी लागणार होती.

शेवटी तिने मॉनिटरला कळवलं की फीत मी स्वतःच नेऊन देते, आणि एका सकाळी रेडिओच्या घरी गेली. दार मुलीने उघडलं. “मावशी ना? या. आई पहाटेपासून खिडकीत बसलीय.”

बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. खिडकीशी रेडिओ बसली होती, गळ्याभोवती मऊ रुमाल, मांडीवर फोन. केस पांढरे, पण मान तीच. तिने भराभर टाइप केलं आणि फोनमधून एक बाईचा आवाज बोलला, स्टेशनवर गाडीला उशीर झाल्याचं सांगतात तसला गुळगुळीत. “बुटके. किती उंच झालीस.”

तिला हसू आलं. मुलगी चहा ठेवायला आत गेली. दोघींनी साफ केलेली फीत एकदा बघितली, शेजारी शेजारी बसून. गाणं संपल्यावर बुटकीने पाठ करून आणलेलं वाक्य शोधायला सुरुवात केली, पण रेडिओची बोटं आधीच चालायला लागली होती. फोन बोलला, “तुझं काम ओठांचं आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून मॉनिटरला म्हटलं, तिलाच दे, दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस.”

बोटं पुन्हा फोनवर गेली, अडखळली, खोडायला लागली. मनात इतकं आणि बोटं इतकी हळू, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बुटकीने तो फोन हलकेच तिच्या हातातून काढून घेतला आणि पालथा ठेवला.

“हे राहू दे,” ती म्हणाली. “नुसते ओठ हलव. मला कळतं.”

रेडिओ तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, आधी भीत भीत, मग वेगाने. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलल्यासारखी ती बोलली, आणि बुटकी वाचत गेली. लाल दिवा लागला आणि माझा गळाच मिटला. काही फुटेचना. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस, बाईंकडे बघितलंस, आणि सुरू केलंस.

“मला काहीच आठवत नाही गं.”

मला रोज आठवतं. सगळे मला म्हणायचे, काय गायलीस! मग तुझ्याशेजारी बसवेना. पुढे गाणं शिकले ते खरं, मेहनत केली तीही खरी. पण पहिलं ते तुझं.

बुटकीने तिचा हात धरला. हात गार होता. आतून कपांचा आवाज येत होता. तिने आवाज खाली आणला. “मुलीला माहीत आहे?”

नाही. तिला हा आवाज फार आवडतो.

“मग तुझाच राहू दे,” ती म्हणाली. हे आपण मनापासून म्हणतोय हे म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं. “मला कळलं तेवढं पुरे. माझ्या आईलाही कळलं होतं. आणखी कोणाला कळून काय करायचंय?”

रेडिओने मान हलवली. नाही. तिने आपला हात सोडवला, एक बोट पुढे केलं आणि बुटकीच्या खांद्यावर टकटक केली. त्याच खांद्यावर. म्हण, तिचे ओठ म्हणाले.

“मला येत नाही.”

मी सुरू करते, रेडिओचे ओठ म्हणाले. तिने पाठ ताठ केली, मान डुलवली, आणि आवाजावाचून पहिली ओळ म्हणायला लागली. या वेळी शब्द बरोबर होते, जागा बरोबर होत्या. बुटकी एका ओळीपुरती नुसती वाचत राहिली. मग तिच्या गळ्यातून बिजागरीसारखं काहीतरी करकरलं. ती दचकली, थांबली, आणि रेडिओ थांबली नाही म्हणून पुन्हा लागली. आवाज म्हातारा झाला होता, खाली उतरला होता, पण किंचित घोगरा तसाच होता आणि वरच्या जागी तसाच थरथरत होता. आपण गातोय हे तिला ऐकू येत होतं आणि खरं वाटत नव्हतं.

आतला कपांचा आवाज थांबला. रेडिओची मुलगी ट्रे घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. रोज ऐकलेला आवाज होता तो. तिने आधी आईच्या तोंडाकडे बघितलं, मग पाहुणीच्या, मग पुन्हा आईच्या, आणि ट्रे तसाच हातात धरून ती खाली, उंबऱ्यातच, बसली. दोघींपैकी कोणी थांबलं नाही. पुन्हा पहिली ओळ आली, आणि ‘मऊ’च्या ‘म’ला दोघींचे ओठ बरोबर एकदम मिटले.